दोराची वाट

मोटारीचा दोर बदलायचा झाला की आपल्याकडे माणूस जुन्या दोराचा हातभर तुकडा कापतो, खिशात घालून बाजाराच्या दिवशी तालुक्याला जातो आणि दुकानदारापुढे टाकून म्हणतो, "मालक, असाच द्या." दुकानदार जाडी बघतो, तसाच दिसणारा दोर काढतो, काट्यावर ठेवतो आणि चार-पाच किलोचं वेटोळं पिशवीत जातं. या सगळ्या व्यवहारात विहिरीचं नाव कुणी घेत नाही. ती किती खोल, कप्पी केवढी, केसिंगची कड कशी, पाइप किती इंची, यातलं काहीच विचारलं जात नाही. विहिरीतल्या आणि बोअरमधल्या मोटारी काढायचं, दुरुस्त करून परत सोडायचं काम मी कळमनुरी-औंढ्याच्या पट्ट्यात करत आलो आहे. हाताखाली शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो: दोर दोरावरून घ्यायचा नाही, त्याच्या वाटेवरून घ्यायचा. तो कुठून निघतो, कशावरून वळतो, कुठं घासतो, कुठं भिजतो आणि शेवटाला काय धरून असतो, एवढं बघितलं की कोणता दोर आणि किती, हे दोन्ही ठरतं.

आमच्या भागात ही बाब लहानसहान नाही. वर काळी जमीन, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. पाणी आहे ते पाषाणाच्या भेगांत. विहिरी आटू लागल्या तशा तमिळनाडूच्या नंबरच्या बोअरच्या गाड्या गावोगाव फिरू लागल्या आणि पाणी दोनशे, तीनशे फुटांवर गेलं. त्यात हे हळदीचं रान. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा सगळ्या जिल्ह्याला आनंद झाला. पण मे-जूनमध्ये लावलेली हळद काढणीला येते फेब्रुवारी-मार्चमध्ये. पाऊस गेल्यावर तिचा सगळा भरवसा मोटारीवर. अशा वेळी मोटार जळाली तर ती त्याच दिवशी वर यायला हवी, आणि ती वर येणार दोराच्या जिवावर. विहिरीत दोर तुटला तर गळ टाकून मोटार शोधता तरी येते. बोअरमध्ये मोटार पडून अडकली तर बहुतेकदा बोअरच हातचा जातो.

म्हणून मोटार वर आली की मी आधी दोराकडे बघतो. ओला दोर जमिनीवर गुंडाळून ठेवू देत नाही. बांधाच्या कडेनं सरळ लांब पसरतो आणि टोकापासून टोकापर्यंत हातातून सोडत चालत जातो. डोळ्यापेक्षा तळहाताला जास्त कळतं. वरचे पाच-सात फूट हाताला खरखरीत लागतात, कुसळं टोचतात, चोळलं तर पांढरी भुकटी बोटाला येते. ते उन्हाचं काम. त्याखाली केसिंगच्या तोंडाशी एक वीतभर जागा चपटी आणि गुळगुळीत झालेली असते, कधी एखादा पेड अर्धा कापलेला. तिथं लोखंडाची कड दोराला रोज थोडं थोडं खाते. मोटार चालू होताना झटका घेते, बंद होताना पुन्हा घेते, आणि दर झटक्याला दोर त्या कडेवर बोटभर सरकतो. मधला भाग बहुतेक वेळा नव्यासारखा निघतो. खाली मोटारीच्या कड्यापाशी, गाठीत, पुन्हा दोर पिचलेला. आता दोर दोन्ही हातांत धरून उलटा पीळ द्यायचा, पेड सुटे करायचे आणि आत बघायचं. बाहेरून मळलेला दोर आतून स्वच्छ, चकचकीत असेल तर त्याच्यात जीव आहे. पेडांच्या मधे बारीक वाळू आणि तुटलेल्या तंतूंचा भुगा दिसला तर बाहेरून कितीही तुकतुकीत असो, तो दोर संपला.

जुना दोर असा वाचता आला पाहिजे. तो कुठं झिजला ते खरं सांगतो. लांबी आणि जाडी मात्र त्याच्याकडून घेऊ नये. वापरात तो ताणून लांब झालेला असतो, कधीतरी कुणी टोक कापून बैल बांधायला नेलेलं असतं, आणि ताणाखाली राहून मूळच्या जाडीपेक्षा बारीकही झालेला असतो. त्या मापानं आणलेला नवा दोर जुन्यापेक्षा एक नंबर हलका निघतो आणि ते कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता जातीचं. बाजारात सगळ्याच प्लास्टिकच्या दोराला नायलॉन म्हणतात. त्यातला बराचसा नायलॉन नसतो, पॉलिप्रॉपिलीन असतो. दोन्ही दोरच, पण स्वभाव निराळे. ओळखायला सोपं आहे. बोटभर तुकडा बादलीत टाकायचा, दाबून आतली हवा काढायची आणि हात सोडायचा. वर तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिस्टर. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, हलका, पाणी पीत नाही, कुजत नाही, पण उन्हाला फार लवकर हरतो आणि घासून तापला की वितळायला लागतो. नायलॉन त्याहून ताकदवान, झटका पोटात घेणारा, पण ताणला की चांगलाच लांबतो आणि भिजल्यावर दहा-पंधरा टक्के ताकद गमावतो. पॉलिस्टर कमी ताणतो, उन्हाला टिकतो, पैसे जास्त पडतात. मग घ्यायचा कोणता? पुन्हा वाटच बघायची. दोर बारा महिने बोअरच्या अंधारात, पाण्यात राहणार असेल आणि वर फक्त चार-पाच फूट उन्हात येत असेल तर चांगल्या प्रतीचा पॉलिप्रॉपिलीन पुरतो. वरच्या भागाला जुन्या पाइपचा तुकडा किंवा रबरी नळी चढवली की ऊन आणि कड दोन्ही टळतात. उघड्या विहिरीवर, जिथं पूर्ण दोर उन्हात लोंबतो, तिथं स्वस्तात जाऊ नये.

माझ्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता, कारण दोर अंबाडीचा. कापसात, ज्वारीत अंबाडीची ओळ असायची. तिचा पाला भाजीला, आणि फुलावर आली की ताटं कापून, पेंढ्या बांधून नदीच्या डोहात नाहीतर ओढ्यात दोन आठवडे बुडवून ठेवायची. साल सुटली की सोलून, आपटून, धुऊन वाळवायची. दोर वळायचं काम गावातल्या मातंग घरांचं. कासरे, दावी, चऱ्हाटं, मोटेचा नाडा, सगळं त्यांच्या हातचं, आणि त्याबद्दल खळ्यावर बलुतं. त्या माणसांचं काम मी तासन्‌तास बघत उभा राहायचो. तीन पेड वेगवेगळे एका दिशेनं पिळायचे, मग तीन खाचांच्या लाकडी ठोकळ्यातून ते एकत्र येताना उलट्या दिशेनं वळायचे. प्रत्येक पेड आपला पीळ सोडायला बघतो आणि तसं करताना दुसऱ्या पेडाला आवळतो. दोर म्हणजे एवढंच. तीन सुटू पाहणाऱ्या पिळांनी एकमेकांना धरून ठेवायचं. आजचा कारखान्यातला तीन पेडी दोर याच नियमावर चालतो, फक्त अंबाडीच्या जागी सूत प्लास्टिकचं आलं. १९७६ साली सुरू झालेली पुण्याची गरवारे वॉल रोप्स, आता तिचं नाव गरवारे टेक्निकल फायबर्स आहे, मच्छीमारांच्या जाळ्यांपासून जहाजांच्या दोरांपर्यंत माल बनवते. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचे दोर वळले त्यांच्या हातचं काम मात्र त्यात गेलं, आणि त्यांच्या त्या विद्येची नोंद कुणी नीट ठेवली नाही, याचं मला वाईट वाटतं.

जाडीचा हिशेब लोक मोटारीच्या वजनावर करतात. मोटार पन्नास किलोची, दोर दोन टनांचा, मग काय भीती? पण वर येते ती एकटी मोटार नसते. दोन इंची पाइपात दर मीटरला जवळजवळ २ लिटर पाणी मावतं. खालच्या झडपेमुळं मोटार बंद असतानाही हे पाणी पाइपातच राहतं. दोनशे फुटांवर, म्हणजे साधारण ६० मीटरवर मोटार असेल तर पाण्याचंच वजन १२० किलो झालं. त्यात पाइप, केबल आणि मोटार. पाण्याखाली आहे तोवर हे ओझं हलकं लागतं. पाण्याबाहेर येऊ लागलं की ओढणाऱ्यांचे हात एकाएकी खाली जातात. पाइपही थोडा भार घेतो, पण हिशेब करताना सगळा भार दोराच्या नावावर धरावा.

दुसऱ्या बाजूला दोराची ताकद. १२ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास चार सुतांचा, तीन पेडी पॉलिप्रॉपिलीन दोर नवा असताना साधारण दोन टनांवर तुटतो. त्याला गाठ मारली की गाठीपाशी ती ताकद निम्म्यावर येते. कप्पी लहान असेल तर दोर तिच्यावर मोडतो, म्हणून कप्पीचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान आठपट असावा. ऊन आणि घास आपापला वाटा घेतात. मोटार बोअरच्या भिंतीला अडकून एकदम सुटली तर तो झटका वजनाच्या कितीतरी पट असतो. म्हणून मी नव्या दोराच्या ताकदीचा पाचवा भागसुद्धा रोजच्या कामाला पूर्ण वापरत नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: जाडी दुप्पट केली की ताकद चौपट होते. ८ मिलिमीटरवरून १६ वर गेलं तर दोर दोन नाही, चार दोरांचं काम करतो. त्यामुळं शंका असेल तिथं एक नंबर वर जाणं महाग पडत नाही. मात्र हाताला धरवणार नाही, कप्पीच्या खाचेत बसणार नाही, इतका जाड घेऊनही उपयोग नाही. खाचेच्या काठावर चढलेला जाड दोर बारीक दोराच्या आधी झिजतो.

गाठीचंही ठरवून असावं. कड्याला सुरगाठ कधीच नाही, आणि ओल्या प्लास्टिकला नुसती निरगाठ पुरत नाही, ती सरकते. शक्य असेल तिथं मी दोराचे पेड उकलून, लोखंडी कड्याभोवती वळवून, दोराच्याच अंगात पाच-सहा वेळा गुंफून डोळा तयार करतो. त्यानं ताकद फारशी जात नाही. वेळ लागतो, पण बोअरच्या तळाला जाणारी गाठ पुन्हा बघायला मिळत नसते.

मापाची गोष्ट मला सगळ्यात आवडीची. जुनी माणसं विहीर परसात मोजायची आणि दोर वावात. परस म्हणजे पुरुषभर खोली, वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होणारं अंतर. शरीराचीच मापं असल्यामुळं ती विहिरीच्या काठावर सदैव हाताशी असायची. मी अजून वावानं मोजतो, पण माझा वाव टेपवर लावून ठेवलेला आहे, साडेपाच फूट. दोर छातीवरून दोन्ही हातांत ताणायचा, उजव्या हाताची पकड डाव्यात द्यायची, पुन्हा पसरायचा. दर दहा वावांना रंगीत दोऱ्याची खूण. नवा दोर तसाच मोजू नये. एक टोक कडुनिंबाच्या बुंध्याला बांधून दोघातिघांनी चांगला ओढून धरावा, सोडावा, पुन्हा ओढावा. पीळ बसला, पेड जागेवर आले की मग मोजावा. असं न करता सोडलेला दोर महिन्याभरात आपण होऊन लांबतो आणि मोटार गाळात टेकते.

बोअरची खोली लोक बोअर मारतानाच्या पावतीवरून सांगतात. मी ती ऐकतो आणि तरी सुतळीला वजन बांधून सोडतो. पाण्याला वजन टेकल्याचा आवाज कान देऊन ऐकायचा. तळ लागला की सुतळी सैल पडते. वर काढली की ओल कुठवर चढली तेही दिसतं. तळापासून निदान दहा-पंधरा फूट वर मोटार, हे झालं लटकायचं माप. त्यात केसिंगची जमिनीवरची उंची, खुंटीपर्यंतचं आडवं अंतर, दोन्हीकडच्या गाठींना किंवा डोळ्यांना लागणारा दोर, आणि वर ओढताना पहिल्या धक्क्याला दोघातिघांना हात घालता येईल एवढी शेपूट. एवढी बेरीज करून वर दोन वाव आणखी. हे दोन वाव वाया जात नाहीत. पुढं केसिंगपाशी झीज दिसली की तेवढा भाग कापून दोर खाली सरकवता येतो.

दुकानात दोर मिळतो किलोवर आणि लागतो फुटांवर, म्हणून हेही पाठ असावं: १२ मिलिमीटरचा पॉलिप्रॉपिलीन १०० मीटरला साधारण साडेसहा किलो भरतो, त्याच जाडीचा नायलॉन नऊ किलोच्या आसपास. एवढं ठाऊक असलं की काट्यावरूनच लांबी कळते, आणि साडेसहा किलोत शंभर मीटरपेक्षा बराच जास्त दोर मिळत असेल तर तो सांगितल्यापेक्षा बारीक आहे हेही कळतं.

लांबीची ही शिस्त मला आजोबांच्या मोटेनं शिकवली. मोटेला दोन दोर. मोटेचं तोंड धरणारा जाड नाडा वरच्या चाकावरून यायचा, आणि सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर खालच्या लाकडी रुळावरून. दोन्ही एकाच बैलजोडीच्या मागं. बैल धावेवरून उतरायचे तेव्हा मोट आणि तिची दुमडलेली सोंड बरोबरीनं वर यायची. काठावर आल्यावर सोंड रुळावरून पुढं सरकायची आणि पाणी थारोळ्यात पडायचं. सोंदूर हातभर लांब झाला तर सोंड खाली लोंबायची आणि पाणी वाटेतच विहिरीत. आखूड झाला तर ओझं बारक्या दोरावर. आजोबा पावसाळ्यानंतर दोन्ही दोर नव्यानं जुळवून घ्यायचे, कारण जाड दोर आणि बारीक दोर सारखे ताणत नाहीत. बोअरमध्ये आज पाइप, केबल आणि दोर अशा तिघांची जुळणी करावी लागते. दोर ताठ, पाइप सरळ आणि केबल थोडी सैल. केबलवर भार आला की जोड उखडतो आणि मोटार जळते. दर दहा फुटांना तिघांना एकत्र पट्टी बांधताना मला मोटेचीच आठवण येते.

आमच्या भावकीतला एक मुलगा मुंबईला शिडाच्या नावांची देखभाल करतो. दिवाळीला आला तेव्हा माझं काम बघत बांधावर बसला. म्हणाला, "काका, आम्ही बी हेच करतो की. शीड वर चढवायचा दोर डोलकाठीच्या पोटातून जातो. जुना काढून घेतला तर नवा आत घालायचा कसा? म्हणून जुन्याच्या टोकाला नव्याचं टोक टाक्यांनी शिवायचं. गाठ नाही चालत, ती कप्पीत अडकते. अन् जुना ओढत ओढत नवा आत घ्यायचा." लांबीचा त्यांचा हिशेब असा: डोलकाठीच्या उंचीच्या दुप्पट, तळापासून नाविकाच्या हातापर्यंतचं अंतर, आणि वर हाताळायला शेपूट. जाडी ठरते ती दोर धरणाऱ्या चापावरून, कारण बारीक दोर त्यातून निसटतो. शीड एकदा ताणलं की ढिलं पडता कामा नये, म्हणून तिथं नायलॉन नको, पॉलिस्टर किंवा डायनिमा हवा. डायनिमा वजनाला वजन धरलं तर पोलादाहून ताकदवान आणि पाण्यावर तरंगणारा, पण दीडशे अंशांच्या आतच वितळतो, म्हणून घासाच्या जागी त्यावर दुसरं वेष्टण चढवतात.

अशाच शिडाच्या नावेवरून, गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून, नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ ला 'तारिणी' घेऊन गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ ला जगाला वळसा घालून परतल्या. ही वर्तमानपत्रांतली बातमी मी तेव्हा वाचली होती. पण त्या नावा वाऱ्यावर चालतात म्हणजे दोरांवर चालतात, हे त्या पोराशी बोलल्यावर उमगलं. शिवाय त्यानं एक युक्ती दिली. शिडाचा दोर नेहमी त्याच जागी कप्पीवर बसतो आणि तिथंच झिजतो, म्हणून ते लोक ठरावीक काळानं दोराची टोकं उलटी करतात, हातातलं टोक वर आणि वरचं हातात. चांगल्या भागाला काम मिळतं, थकलेल्याला विसावा. तेव्हापासून मोटार दुरुस्तीला वर आली की मीही बोअरचा दोर उलटा करून सोडतो. उन्हातलं टोक आधी परत तपासतो, नरम झालेलं कापून टाकतो, मगच ते खाली जातं.

या विद्येत दोन दोर मी हिशेबाच्या बाहेर ठेवतो. एक वेसण. पोळ्याला बैलाला नवा कासरा, नवी म्होरकी, नवी वेसण घ्यायची आपली रीत चांगली आहे, कारण त्या निमित्तानं वर्षातून एकदा तरी दोर बदलला जातो. पण वेसण घेताना ताकद बघू नये. तिची वाट नाकातून जाते. टिकतो म्हणून नायलॉनचा बारीक दोर ओवतात, तो कापतो, जखम होते, माश्या बसतात. वेसण मऊ सुताची, गोल वळलेली असावी आणि मळून कडक झाली की लगेच बदलावी. ती लवकर झिजली तर झिजू द्या, बैलाचं नाक झिजता कामा नये.

दुसरा दोर माणसाचा. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरतो तेव्हा बऱ्याच ठिकाणी मोटारीचाच दोर सोडून त्याच्या कमरेला बांधतात. माझ्या कामावर हे चालत नाही. माणसाचा दोर वेगळा, १६ मिलिमीटरचा, त्यावर मोटार कधी लटकलेली नाही, बादली कधी ओढलेली नाही, तो उन्हात पडलेला नाही. घरात, उंदरांपासून दूर, खुंटीवर टांगलेला असतो. उतरण्याआधी तो सबंध हातातून जातो, दोन माणसांच्या, आणि त्यातला एक उतरणारा असतो. काठावर कड येते तिथं गोणपाटाची जाड घडी. दोर ओढणारे त्याच्या रेषेत उभे राहत नाहीत, कारण ताणलेला दोर तुटला तर उलटा फटका मारतो. आणि एकदा जरी त्याला मोठा झटका बसला, तरी तो माणसाच्या कामातून बाद. वरून नवा दिसला तरी बाद. त्याचे तुकडे करून गोठ्यात बांधायला देतो, म्हणजे पुन्हा कुणी चुकून खुंटीवरून काढून त्यावर माणूस सोडणार नाही.

लोक म्हणतात, एवढ्या महागाचा दोर एका झटक्यात टाकून कसा देता? गाळ वर ओढायच्या यारीवर, विहिरीच्या तोंडाशी, ज्यांनी माणसं उतरवली आहेत त्यांना हे विचारावं लागत नाही. त्या दोराच्या वाटेच्या शेवटाला कोण आहे, ते त्यांनी वाकून बघितलेलं असतं.